कोणी बोलावत नाही, म्हणून काढून टाकू का?

या वेळी पत्रं कमी पण एकाच वळणाची आलीयत, जुना कोड काढणं या विषयावरची. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : नमस्कार सर. मी फोंड्याला असतो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. सुट्टीत लिनक्स कर्नलमधल्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या) एका फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फायली कशा ठेवायच्या ते बघणाऱ्या भागाचा, सोर्स वाचायला घेतला. ग्रेप मारून (म्हणजे सगळ्या सोर्समध्ये नाव शोधून) बघितलं तर सहा फंक्शन्स अशी मिळाली की त्यांना कुठूनच कॉल नाही, त्यातलं एक चांगलं नव्वद ओळींचं आहे. वाटलं काढून टाकतो आणि पॅच, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, पाठवतो, आपलं पण नाव लागेल कर्नलमध्ये. पण आमचे प्रोजेक्ट गाइड म्हणतात हात लावू नको, चालतंय ते चालू दे. कोणाचं ऐकू?

उत्तर : बाबा, गाइडचं ऐकून गप्प बसू नको आणि ग्रेपचं ऐकून पॅच पण पाठवू नको.

आधी गाइडचा मुद्दा. पडून राहिलेला कोड काही खात-पीत नाही असं वाटतं, पण खातो. कर्नलमध्ये मधूनमधून मोठे बदल होतात, उदाहरणार्थ ५.१६ मध्ये फोलिओ (मेमरीची पेजेस गठ्ठ्याने हाताळायची पद्धत) आले आणि तेव्हापासून पेजवर चालणारा कोड एकेक करून फोलिओवर न्यायचं काम चाललंय. ते करणाऱ्या माणसाला कुठलं फंक्शन जिवंत आणि कुठलं मेलेलं हे माहीत नसतं, तो बिचारा तुझ्या त्या नव्वद ओळी पण वाचतो, समजून घेतो, बदलतो, आणि ते टेस्ट करायला जातो तेव्हा कळतं की इथे कोणी येतच नाही. म्हणजे काढायला हवं हे नक्की. फक्त मेलंय याची खात्री झाली पाहिजे.

आता तुझा ग्रेप. ग्रेपला नाव दिसलं नाही म्हणजे कॉल नाही, हे सी मध्ये खरं नसतं. तू इन्क्लुड फोल्डरमधली बफर_हेड नावाची हेडर फाइल उघड आणि सेट_बफर_डर्टी हे फंक्शन कुठे लिहिलंय ते शोध. सापडणार नाही. तिथे बफर_एफएनएस नावाचा मॅक्रो आहे, त्याला दोन शब्द दिले की तो नावाचे तुकडे चिकटवून सेट, क्लिअर वगैरे फंक्शन्स तयार करतो. तिथे व्याख्या लपलीय, दुसरीकडे कुठेतरी कॉल असाच लपलेला असू शकतो. दुसरं म्हणजे टेबलं. फाइल सिस्टिममधली अर्धी फंक्शन्स थेट कॉल होतच नाहीत, फाइल ऑपरेशन्स, इनोड ऑपरेशन्स अशा स्ट्रक्चरमध्ये त्यांचं नाव एकदा भरलेलं असतं आणि पुढे व्हीएफएस (सगळ्या फाइल सिस्टिम्सच्या वरचा कर्नलमधला सामाईक थर) त्या पॉइंटरवरून बोलावतो. तुझ्या यादीतल्या फंक्शनचं नाव अशा टेबलात बसलेलं असेल तर ते रोज हजारो वेळा चालतंय. तिसरं कॉन्फिग. कोटा, एसीएल, सिक्युरिटी लेबलं हे सगळं इफडेफच्या, म्हणजे अट पुरी झाली तरच कंपाइल होणाऱ्या भागाच्या, आत असतं आणि तुझ्या लॅपटॉपच्या कॉन्फिगमध्ये ते बंद असेल तर कंपायलरला पण ते दिसत नाही. ऑलमॉडकॉन्फिगवर (जवळजवळ सगळं चालू) बिल्ड कर, ऑलनोकॉन्फिगवर (जवळजवळ सगळं बंद) कर, जमलं तर ३२ बिटसाठी पण कर.

एक सोपी युक्ती सांगतो. ज्या फंक्शनबद्दल संशय आहे त्याचं हेडर फाइलमधलं डिक्लरेशन काढ, त्याच्यापुढे स्टॅटिक (म्हणजे हे याच फाइलपुरतं) लिही आणि बिल्ड कर. दुसऱ्या फाइलमधून कोणी बोलावत असेल तर बिल्ड तिथेच आडवं पडेल. आणि कोणीच बोलावत नसेल तर कंपायलर स्वतः वॉर्निंग देईल की हे वापरात नाही. फक्त सी फाइलमधल्या स्टॅटिक इनलाइन फंक्शनबद्दल जीसीसी हा कंपायलर काही बोलत नाही, तिथे क्लँग या दुसऱ्या कंपायलरने डब्ल्यू=१ देऊन बिल्ड करायचं, तो सांगतो.

हे झाल्यावर इतिहास बघायचा, आणि मला विचारशील तर खरी मजा इथे आहे. कोडमधला प्रत्येक बदल, म्हणजे कमिट, गिटमध्ये जपलेला असतो, तिथे गिट लॉग, -एस, पुढे फंक्शनचं नाव. ते नाव ज्या कमिटमध्ये वाढलं किंवा घटलं त्या सगळ्या कमिट येतील. गिटमधला इतिहास २००५ पासूनचा आहे, त्याआधीचं सगळं पहिल्या कमिटमध्ये एकगठ्ठा पडलंय. शेवटचा कॉल कोणी काढला ते शोध आणि का काढला ते वाच. बहुतेक वेळा असं दिसेल की कोणीतरी काम दुसऱ्या पद्धतीने लिहिलं, जुना कॉल काढला आणि फंक्शन काढायला विसरला, म्हणजे ते मेलंय, खुशाल काढ आणि पॅचच्या मजकुरात त्या कमिटचा नंबर दे. कधी असं दिसेल की कॉल कधी नव्हताच, कोणीतरी पुढच्या कामासाठी आणून ठेवलंय, तर त्या माणसाला आधी विचार. आणि क्वचित तिसरंच निघतं, कॉल चुकून उडालेला असतो. समज ते फंक्शन मेमरी मोकळी करणारं आहे आणि एरर आली की ते बोलवायला हवं होतं. मग तुला डेड कोड नाही, बग सापडलाय, आणि फंक्शन काढून तू त्या बगचा एकमेव पुरावा पण पुसून टाकणार होतास.

इथपर्यंतचं कुठल्याही सी प्रोजेक्टला लागू आहे. फाइल सिस्टिमचं दुखणं वेगळं आहे ते आता सांगतो, आणि ते मी स्वतः भोगलंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी पर्वरीला एका छोट्या कंपनीत होतो, नाव नको. आम्ही ऑफिसांना लागणारा स्टोरेजचा डबा बनवायचो आणि आत आमचीच जर्नलवाली फाइल सिस्टिम होती. जर्नल म्हणजे खऱ्या जागी लिहायच्या आधी डिस्कवरच्या एका कोपऱ्यात नोंद करायची, मधेच वीज गेली तर चालू झाल्यावर नोंदी वाचून काम पुरं करायचं. आमच्या नोंदींचे दोन नमुने होते, जुना आणि नवा. दीड वर्षापासून नवीन व्हर्जन फक्त नव्या नमुन्यातच लिहायचं, जुन्यात लिहिणारी एकही ओळ सोर्समध्ये राहिली नव्हती. मग मी म्हटलं लिहिणारा कोणी नाही तर वाचणारा कशाला? जुना नमुना वाचणारा सगळा भाग उडवला, चारशेच्या वर ओळी. टेस्ट सगळ्या हिरव्या. माझ्या वरिष्ठांनी पाठ पण थोपटली.

जूनमध्ये एका गिऱ्हाइकाकडे रात्री वीज गेली आणि डबा धाडकन बंद पडला. तो अजून जुन्या व्हर्जनवर होता. सकाळी त्यांच्या माणसाला सुचलं की आता बंदच आहे तर अपग्रेड पण उरकून घेऊ, त्याने पेनड्राइव्हवरून नवीन व्हर्जन चढवलं. डबा चालू झाला, जर्नल उघडलं, पहिलीच नोंद जुन्या नमुन्यातली. स्क्रीनवर माझ्याच हाताने लिहिलेला मेसेज, अनोळखी नोंद, प्रकार १, आणि माउंट नाही, म्हणजे डिस्क वापरायला जोडलीच जात नाही. साडेआठला फोन आला तेव्हा मी पाव आणि पातळ भाजी घेऊन नुकता बसलो होतो, ती भाजी तशीच राहिली. शेवटी जुनं व्हर्जन परत चढवलं, जर्नल रिप्ले झालं, डबा नीट शटडाऊन केला आणि मग नवीन घातलं. डेटा वाचला, पण ते तीन तास मला अजून आठवतात.

तर कॉल करणारा सोर्समध्येच असतो असं नाही, फाइल सिस्टिममध्ये तो डिस्कवर बसलेला असतो. ती डिस्क कुठल्या तरी कपाटात पाच वर्षं पडून असेल आणि एक दिवस कोणीतरी तिला केबल लावेल. ग्रेप तिथे पोचत नाही, कंपायलर पण पोचत नाही. आमच्या मावसभावाने असंच केलं होतं, मे महिन्यात माळा झाडायला घेतला आणि आठ-नऊ महिने कोणी हात न लावलेली एक लाकडी चौकट न्हाणीच्या चुलीत घातली. ती माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीवर फळं-भाज्या टांगायची, होती. चवथीला मावशी काय बोलली ते इथे छापता येणार नाही.

म्हणून तुझ्या सहा फंक्शन्सपैकी प्रत्येकाला विचार, हे डिस्कवरचं काही वाचतं का? क्रॅशनंतरच्या रिकव्हरीत येतं का? ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये ऑर्फन क्लीनअप म्हणून भाग आहे, फाइल डिलीट केलेली असते पण कोणीतरी ती उघडी ठेवलेली असते आणि तेवढ्यात मशीन बंद पडतं, अशा फाइलींची जागा पुढच्या माउंटला मोकळी करणारा. साधा एक दिवस मशीन वापरून जीकॉव्हने कव्हरेज, म्हणजे कुठल्या ओळी चालल्या ते, काढलंस तर तिथे शून्य दिसेल. कव्हरेज मोजायचंच तर एफएसटेस्ट्स हा टेस्टचा संच चालव, ज्याला अजून सगळे एक्सएफएसटेस्ट्स म्हणतात कारण ते एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमसाठी सुरू झालं होतं. त्यात डीएम-फ्लेकी, डीएम-लॉग-राइट्स वापरून मधेच वीज गेल्याचं सोंग आणणाऱ्या टेस्ट पण आहेत. हे सगळं क्यूईएमयूच्या, म्हणजे नकली मशीनच्या, आत, स्वतःच्या डिस्कवर नको, प्लीज.

आणि स्ट्रक्चरमधली फील्ड. डिस्कवर जशीच्या तशी जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये एखादं फील्ड वापरात नाही असं दिसलं तरी ते काढायचं नाही, कारण ते काढलं की त्याच्यामागचं सगळं चार बाइट पुढे सरकतं आणि जगातली प्रत्येक जुनी डिस्क चुकीची वाचली जाते. ईएक्सटी४ च्या इनोडमध्ये (प्रत्येक फाइलच्या माहितीची नोंद) आय_ऑब्सो_एफअ‍ॅडर म्हणून एक फील्ड आहे बघ. ब्लॉकचे आणखी बारीक तुकडे, म्हणजे फ्रॅगमेंट, करायचा बेत ईएक्सटी२ च्या वेळी होता, तो कधी झालाच नाही, फील्ड मात्र नावापुढे ऑब्सो, म्हणजे कालबाह्य, असा शिक्का घेऊन तिथेच बसलंय. सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे अख्ख्या फाइल सिस्टिमच्या नोंदीत, त्याच फ्रॅगमेंटसाठी ठेवलेल्या जागेचं नशीब बरं, बिगअलॉक (ब्लॉकच्या गठ्ठ्याने, म्हणजे क्लस्टरने, जागा द्यायची सोय) आलं तेव्हा ती जागा क्लस्टरचा आकार लिहायला कामी आली. मला हे फार आवडतं, रिकामी खोली मोडली नाही म्हणून पुढे भाडेकरू मिळाला.

पाठवताना एका पॅचमध्ये एकच फंक्शन, सोबत स्पेस-टॅब नीट करायचा मोह आवर, चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालव, गेट_मेंटेनर स्क्रिप्ट सांगेल कोणाला पाठवायचं ते. सहा एकदम पाठवू नको. एक पाठव, काय उत्तर येतं बघ. कधीकधी मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारा, म्हणतो काढण्यासारखं आहे पण आता नको, जुन्या स्टेबल कर्नलवर फिक्स न्यायला त्रास होतो. त्यात अपमान वगैरे काही नसतो.

प्रश्न : मी म्हापशाहून लिहितेय. आमच्या टीममध्ये नियम आहे की जुना कोड डिलीट करायचा नाही, इफ शून्य घालून झाकून ठेवायचा, न जाणो परत लागला तर. एका फाइलमध्ये आता झाकलेला जास्त आणि चालणारा कमी झालाय. वरच्यांना कसं पटवू?

उत्तर : ताई, त्यांना एकदा सगळ्यांसमोर त्यातला एखादा तुकडा उघडून बिल्ड करायला सांगा. तीन-चार वर्षं झाकलेला कोड कंपाइल होत नाही. नावं बदललेली असतात, स्ट्रक्चर बदललेलं असतं, ज्या फंक्शनला तो बोलावतो ते पण कोणीतरी झाकलेलं असतं. न जाणो लागला तर म्हणून ठेवलेलं लागतं तेव्हा उपयोगाचं नसतं, लोणच्याच्या बरणीत बुरा आलेला असतो तसं. गिट आहे ना तुमच्याकडे? मग कोड कुठे जात नाही, डिलीट करणाऱ्या कमिटच्या मजकुरात दोन वाक्यं नीट लिहा, काय काढलं आणि का, म्हणजे -एस ने शोधणाऱ्याला मिळेल. आणि वेगळी कमिट करा, दुसऱ्या कामात मिसळू नका, म्हणजे परत हवं झालं तर एका रिव्हर्टमध्ये येतं.

प्रश्न : वेर्ण्याच्या एका कारखान्यात सर्व्हर बघतो. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय काय माउंट करायचं त्याची यादी) आमच्या आधीच्या माणसाने काय काय माउंट ऑप्शन लिहून ठेवलेत, आता बूट होताना मेसेज येतो की अमुक ऑप्शन काढून टाकलाय, दुर्लक्ष करतोय. काढलाय तर एरर देऊन थांबत का नाही, आणि दुर्लक्षच करायचं तर बोलायचं कशाला?

उत्तर : थांबला असता तर तुम्ही रात्री दोनला इमर्जन्सी मोडचा काळा स्क्रीन बघत मला शिव्या घातल्या असत्या. ईएक्सटी४ मध्ये हे मुद्दाम केलंय. ओल्डअलॉक, ऑर्लोव्ह, नोबीएच असले ऑप्शन एके काळी खरे होते, त्यांच्यामागचा कोड गेला, पण नावं यादीत ठेवलीयत आणि त्यांच्यापुढे लिहिलंय, काढलेला. कारण एफएसटॅब ही पण डिस्कवरची फाइल, पंधरा वर्षांपूर्वी कोणी लिहिली ती आजच्या कर्नलने वाचायची. काम करणारा गेला तरी त्याच्या नावाचं पत्र आलं तर घ्यायला दारात कोणीतरी बसवलाय असं समजा. मेसेज तुमच्यासाठी आहे, वेळ मिळाला की ते शब्द एफएसटॅबमधून काढा, आणि काढल्यावर रीबूटची वाट न बघता लगेच फाइंडएमएनटी --व्हेरिफाय करून चूक नाही ना बघून घ्या.

प्रश्न : फाइल सिस्टिममधला वापरात नसलेला कोड काढला तर कॉम्प्युटर फास्ट होतो का? (डिचोली)

उत्तर : नाही. वापरात नसलेली स्टॅटिक फंक्शन्स कंपायलर तसाही बाहेरच ठेवतो. फास्ट होतं ते वाचणाऱ्या माणसाचं काम.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, साखळीचा. २००५ मध्ये मुलाने घरच्या कॉम्प्युटरवर सुसे लिनक्स घालून दिलं होतं. त्या डिस्कवर आमच्या नाट्यमंडळाचे जत्रेच्या नाटकांचे फोटो आणि टाइप केलेल्या संहिता आहेत. आता नातवाने ती डिस्क नवीन लॅपटॉपला जोडली तर रायझरएफएस ही फाइल सिस्टिम ओळखत नाही असं येतं. डिस्क खराब झाली का? नातू म्हणतो फॉरमॅट करून बघू.

उत्तर : गुरुजी, आधी नातवाच्या हातातून माऊस काढून घ्या.

डिस्क बहुतेक धडधाकट आहे, वाचणारा गेलाय. सुसेमध्ये २००६ पर्यंत रायझरएफएस हीच नेहमीची फाइल सिस्टिम होती, म्हणून मुलाने काही निवडलं नसेल तरी तीच बसली असणार. लिनक्स कर्नलमध्ये ती २००१ मध्ये २.४.१ बरोबर आली. पुढे वापरणारे कमी झाले, सांभाळणारा कोणी राहिला नाही, २०३८ नंतरच्या तारखा तिला येत नाहीत, म्हणून २०२२ मध्ये ५.१८ पासून ही जाणार असं सांगायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ मधून ती खरंच काढली. बत्तीस हजारांच्या आसपास ओळी गेल्या. वरच्या फोंड्याच्या मुलाला मी जे सांगितलं ना, कॉल करणारा डिस्कवर बसलेला असतो, तो तुम्ही आहात गुरुजी.

त्यांनी चूक केली असं मात्र मी म्हणणार नाही. न सांभाळलेला फाइल सिस्टिमचा कोड ठेवणं पण धोक्याचं, आणि जवळजवळ तीन वर्षं आधी सांगितलं होतं, फक्त ते साखळीपर्यंत पोचलं नाही. एक्सएफएसवाल्यांनी यापेक्षा लांबची मुदत दिलीय, त्यांचा जुना व्ही४ नमुना सप्टेंबर २०२५ पासून मुळात बंद ठेवायचा आणि सप्टेंबर २०३० ला काढायचा हे त्यांनी २०२० मध्येच लिहून ठेवलं. आणि सगळ्यात छान सुटलं ते ईएक्सटी३ चं. २०१५ मध्ये ४.३ मधून त्याचा अख्खा ड्रायव्हर काढला, २८ हजारांच्या आसपास ओळी, आणि बहुतेकांना पत्ता पण लागला नाही कारण ईएक्सटी४ चा ड्रायव्हर त्याच डिस्का वाचतो. तुमच्या मुलाने तेव्हा ईएक्सटी३ घातलं असतं तर हे पत्र आलंच नसतं.

आता काय करायचं. डिस्क वीस वर्षांची आहे, ती चालू-बंद करत बसू नका. तेवढी जागा असलेली दुसरी डिस्क घ्या आणि डीडीरेस्क्यूने जुन्या डिस्कची पूर्ण नक्कल, म्हणजे इमेज, त्यावर काढा, याला फाइल सिस्टिम ओळखावी लागत नाही, नुसते बाइट उचलायचे असतात. मग मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात. यापुढचं सगळं नकलेवर. याचं कारण रीड-ओन्ली म्हटलं तरी काही फाइल सिस्टिम्स माउंट होताना जर्नल रिप्ले करतात, म्हणजे डिस्कवर लिहितातच.

नक्कल वाचायला ६.१२ किंवा त्याआधीचं कर्नल पाहिजे. ६.१२ हे लाँगटर्म, म्हणजे लांब मुदतीचं, आहे आणि त्यात रायझरएफएस अजून आहे, फक्त प्रत्येक डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक तयार संचाने, ते चालू ठेवलंय असं नाही. नातवाला २०२४ किंवा त्याआधीची एखादी लाईव्ह लिनक्स पेनड्राइव्हवर घालायला सांगा, लॅपटॉपवर काही इन्स्टॉल न करता त्यावरून बूट करायचं आणि टर्मिनलमध्ये मॉडप्रोब रायझरएफएस म्हणायचं. काही न बोलता परत प्रॉम्प्ट आला तर मॉड्यूल आहे, मॉड्यूल सापडत नाही म्हणाला तर दुसरी डिस्ट्रो. मग नक्कल रीड-ओन्ली माउंट करायची आणि फायली सगळ्या ईएक्सटी४ वाल्या डिस्कवर उतरवायच्या. माउंट झालीच नाही तर रायझरएफएससीके चालव आणि रिबिल्ड-ट्री कर असा सल्ला नेटवर मिळेल, तो पण नकलेवरच, मूळ डिस्कवर कोणी कितीही सांगितलं तरी नाही.

संहिता उघडल्यावर अक्षरांच्या जागी भलतंच दिसलं तर घाबरू नका, त्या काळचा जुना मराठी फॉण्ट असेल. फॉण्टचं नाव कळवा, त्याचं उत्तर पुढच्या अंकात देतो. आणि जत्रेच्या नाटकाचा एखादा जुना फोटो आम्हाला पण पाठवा.